फक्त 'आज काय दुखतंय' एवढंच विचारू नका : नॅशनल फुटबॉल लीगला एका आईचं खुलं पत्र

मा. श्री. रॉजर गुडेल,
आयुक्त, नॅशनल फुटबॉल लीग,
आणि लीगच्या खेळाडू संघटनेचे पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. इंग्रजी प्रत टपालाने वेगळी पाठवली आहे. ही मराठी प्रत आहे ती माझ्यासारख्या आईबापांसाठी. सांता क्लारा, सनीव्हेल, फ्रीमाँट या पट्ट्यात आता मराठी घरं चिकार झाली आहेत, आणि त्यांतली काही पोरं क्रिकेट-बुद्धिबळ सोडून तुमचा हा धडकाधडकीचा अमेरिकन फुटबॉल खेळायला लागली आहेत. माझा लेक त्यांतलाच. शाळेच्या संघात रनिंग बॅक आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते : रनिंग बॅक म्हणजे चेंडू काखेत दाबून समोरच्या सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसांच्या भिंतीत फट शोधत घुसणारा गडी. कबड्डीत चढाई करून परतणाऱ्याला कोपऱ्यातले दोघं पायाला धरतात, तिसरा कमरेला मिठी मारतो, तसं याचं एका सामन्यात वीस-पंचवीस वेळा होतं. सगळा खेळ पायांवर. झपकन निघायचं, करकचून थांबायचं, कुशी बदलून परत निघायचं.

पत्र लिहायला कारण झालं एका कागदाचं. मागच्या महिन्यात शाळेकडून लेकाच्या नावाचा दुखापतीचा फॉर्म घरी आला. दीड वर्षातला हा तिसरा. पहिल्यावर लिहिलं होतं, डावा घोटा. दुसऱ्यावर, उजव्या मांडीचा मागचा स्नायू. या तिसऱ्यावर, डावी पोटरी. तिन्हींवर एक ओळ अगदी सारखी : 'आधीच्या दुखापतीशी संबंध : नाही.' मी शाळेत गेले आणि विचारलं, हे 'नाही' कुणी आणि कशावरून ठरवलं? तिथला ट्रेनर साधा, कष्टाळू माणूस. त्याच्यावर माझा राग नाही. तो म्हणाला, "जागा वेगळी, तारीख वेगळी, म्हणून नवीन दुखापत. लीगमध्येसुद्धा असंच नोंदवतात."

म्हणून मी शाळेशी भांडत बसले नाही. तुम्हाला लिहिते आहे.

आमच्या घराचा जिना लाकडी आहे. लेक वरच्या खोलीत राहतो, आणि स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना त्याची पावलं मला डोक्यावर ऐकू येतात. पूर्वी तो उतरायचा तो ठक-ठक-ठक-ठक, एका लयीत, शेवटच्या तीन पायऱ्या गाळून. घोटा मुरगळला त्यानंतर तीन आठवड्यांनी 'फिट' असा शिक्का मिळाला आणि तो मैदानात परत गेला. पण जिन्यावरची लय परत आली नाही. ठक-ठाक, ठक-ठाक. उजवा पाय जड पडायचा, डावा नुसता टेकायचा. मी दोनदा म्हटलंही, अरे तू लंगडतोयस. "आई, काहीतरीच तुझं," म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. पाच आठवड्यांनी, कुणाचा धक्का नाही, कुणी पकडलेलं नाही, मोकळ्या मैदानात पळताना उजव्या मांडीमागे कुणी दगड मारल्यासारखं झालं म्हणाला, आणि खाली बसला.

तिसऱ्या फॉर्मनंतर आम्ही आमच्या खर्चाने एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. तिने कुठलंही मशीन काढलं नाही. लेकाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकव म्हणाली, आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर शिंप्याकडे असते तसल्या टेपने मोजलं. उजवा पाय ११ सेंटीमीटर, डावा ७. मग एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करायला सांगितली, दमेपर्यंत. उजव्या पायावर २५. डाव्यावर १४ला पाय थरथरायला लागला. दीड वर्षापूर्वी मुरगळलेला घोटा अजून पूर्ण वाकत नव्हता, त्या पायाच्या पोटरीत निम्मंच बळ होतं, आणि हे कुणी मोजलंच नव्हतं. सूज उतरली का, दुखतंय का, पळता येतंय का, एवढं विचारलं आणि शिक्का मारला. दहा मिनिटांचं काम होतं. टेप तर माझ्या शिवणाच्या डब्यातही आहे.

आता मूळ प्रश्न. एका रनिंग बॅकच्या पायाच्या वेगवेगळ्या दुखापती एकमेकींत गुंतलेल्या असतात का? माझ्या लेकाचं उदाहरण कुणाला पटणार नाही, म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं घेते. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर लेव्हाइज स्टेडियम आहे. तिथल्या फोर्टीनायनर्स संघाचा रनिंग बॅक ख्रिश्चन मॅकॅफ्री. माझ्या लेकाच्या भिंतीवर त्याचाच फोटो.

२०१९ साली मॅकॅफ्री कॅरोलायना पँथर्सकडे होता. त्या एका हंगामात त्याने चेंडू घेऊन पळत १,३८७ यार्ड आणि झेल घेऊन १,००५ यार्ड काढले. दोन्हींकडे हजार ओलांडणारा लीगच्या इतिहासातला तो तिसराच. त्याआधी १९८५ साली रॉजर क्रेग आणि १९९९ साली मार्शल फॉक, बस. पण त्या हंगामात त्याच्या हातात चेंडू किती वेळा आला? २८७ वेळा पळायला, ११६ वेळा झेलून. म्हणजे ४०३ वेळा. यातल्या बहुतेक वेळा शेवट एकच : कुणीतरी आडवा येऊन जमिनीवर पाडणार.

पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, दुसऱ्याच सामन्यात घोटा. परतला त्या पहिल्याच सामन्यात खांदा. मग सरावात मांडीचा पुढचा स्नायू. हंगामात सामने खेळला तीन. २०२१ मध्ये पहिल्या दोन सामन्यांत ५९ वेळा चेंडू त्याच्याकडे. रविवारी सामना झाला आणि चारच दिवसांनी, गुरुवारी रात्री ह्यूस्टनला पुढचा; त्यात मांडीमागचा स्नायू गेला. पाच सामने बाहेर. परत आला, आणि नोव्हेंबरअखेर मायामीत पुन्हा घोटा. त्या हंगामात सात सामने. तेव्हा 'काचेचा खेळाडू' वगैरे विशेषणं लोकांनी त्याला बहाल केली. ती लावणाऱ्यांपैकी किती जण जिन्यावरून तरी पळत उतरतात कोण जाणे.

२०२२च्या ऑक्टोबरात तो इकडे आला. २०२३ मध्ये पळण्यात लीगमध्ये पहिला, १,४५९ यार्ड. वर्षाच्या शेवटच्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये पोटरी ताणली, म्हणून हंगामातला शेवटचा साखळी सामना त्याने बाकावर काढला. मग बाद फेरी, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. तिथे अतिरिक्त वेळेपर्यंत चाललेल्या सामन्यात चेंडू ३० वेळा त्याच्याकडे. त्यानंतर उन्हाळ्यात नवा करार, आणि ऑगस्टच्या शिबिरात परत पोटरी. सप्टेंबरात लीगच्या दुखापतींच्या यादीत 'पोटरी'शेजारी 'अकिलीस', म्हणजे टाचेमागची दोरी, हा शब्द आला. पहिल्या सामन्याआधी त्याच्या नावापुढे 'खेळेल की नाही अनिश्चित' असं होतं, आणि सोमवारी रात्री, सामना सुरू व्हायच्या दीड तास आधी कळलं की खेळणार नाही. पुढे संघाने सांगितलं, दोन्ही पायांच्या अकिलीसला सूज आहे. तो जर्मनीला तज्ज्ञाकडे जाऊन आला. १० नोव्हेंबरला परतला, आणि १ डिसेंबरला बफेलोच्या बर्फात गुडघ्याचा मागचा अस्थिबंध दुखावला. हंगाम संपला. चार सामने.

मी डॉक्टर नाही. पण घरात हा विषय दीड वर्ष उकळतो आहे, तेव्हा वाचायचं तेवढं वाचलं आहे. या सगळ्या दुखापती एका माळेतल्या आहेत असं मी म्हणणार नाही. खांदा वेगळा. घोट्यावर कुणी पडलं तर तो मुरगळणारच, पाय कितीही धडधाकट असो. बफेलोतला गुडघाही बहुधा तसाच. तो अस्थिबंध सहसा वाकलेल्या गुडघ्यावर आदळल्याने जातो. हे अपघात.

पण पोटरी आणि अकिलीस हे दोन शब्द तुमच्या यादीत शेजारी-शेजारी स्वल्पविराम देऊन लिहिले जातात, जणू दोन गावं आहेत. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली उतरत उतरत एक होतात, त्यांची जी जाड दोरी टाचेला बांधलेली असते तीच अकिलीस. डिसेंबरात स्नायू ताणला, ऑगस्टमध्ये पुन्हा ताणला, सप्टेंबरात दोरी सुजली. ही एकाच दोराची दोन टोकं आहेत. आणि सूज दोन्ही पायांना आली, म्हणजे एका पायाला वाचवताना दुसरा दुखावला असं साधं गणितही इथे पुरत नाही. माझ्या समजुतीने हा भाराचा हिशेब आहे. किती धावला, किती विसावा मिळाला, आणि किती लवकर परत धावला.

संशोधकांनी याबद्दल बरंच स्पष्ट लिहून ठेवलं आहे. मांडीमागचा स्नायू पुन्हा दुखावेल का, याचा सगळ्यांत भरवशाचा अंदाज एका गोष्टीवरून येतो : तो आधी दुखावला होता का. त्याखालोखाल वय. एवढंच नव्हे, पूर्वी पोटरी ताणलेली असेल किंवा गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध तुटलेला असेल, तरीही मांडीमागच्या स्नायूचा धोका वाढतो. म्हणजे जागा वेगळी, तारीख वेगळी, तरी संबंध आहे. ट्रेनरच्या फॉर्मवरचं 'नाही' इथेच कोसळतं. पळताना पाय पुढे झेपावतो तेव्हा नडगीला लगाम घालायचं काम मांडीमागच्या स्नायूचं. खालचा घोटा आखडलेला असेल, एका पायाचा रेटा कमी असेल, तर तो लगाम वेगळ्या वेळी आणि वेगळ्या जोराने ओढावा लागतो. जोडीतला एक बैल लंगडायला लागला की दुसऱ्याच्या मानेला जू लागतं, हे आमच्या सांगलीकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

मी स्वतः शाळेच्या संघातून खो-खो खेळले. खांबाला वळसा घेताना घोटा मुरगळला होता. आईने आंबेहळद आणि तुरटी उगाळून लावली, वर एरंडाचं पान बांधलं, आणि आठवड्याने मी परत मैदानात. त्याच हंगामात दुसऱ्या पायाची मांडी धरली. तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं, कुणाला दोषही देत नाही. पण १९८०च्या दशकातल्या सांगलीच्या मैदानाकडे आणि जगातल्या सगळ्यांत श्रीमंत क्रीडा लीगकडे दुखापत नोंदवायची रीत एकच असावी, हे काही मला पचत नाही.

आता तक्रारी सांगते.

पहिली, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी : तुमची दुखापतींची यादी जखमी माणसासाठी तयारच झालेली नाही. १९४६च्या अंतिम सामन्याआधी जुगाऱ्यांनी खेळाडूंना लाच देऊ केल्याचं प्रकरण उघड झालं, आणि १९४७ मध्ये तेव्हाचे आयुक्त बर्ट बेल यांनी ही यादी सुरू केली. कोण खेळणार नाही ही आतली बातमी सट्टेबाजांनी विकत घेऊ नये म्हणून ती सगळ्यांनाच सांगून टाकायची, हा हेतू. चांगलाच हेतू होता. पण म्हणून यादी फक्त त्याच प्रश्नाचं उत्तर देते जो पैज लावणाऱ्याला पडतो : रविवारी खेळणार का? बुधवार, गुरुवार, शुक्रवार, सराव केला, थोडा केला, नाही केला. आणि शरीराच्या भागाचा एक शब्द. डावा की उजवा, बहुतेक वेळा तेही नाही. धक्क्याने झालं की आपोआप, नाही. जुनं की नवं, नाही. २०१६ मध्ये तुम्ही 'बहुधा खेळेल' हा रकाना काढून टाकलात, तेव्हापासून तर 'अनिश्चित' या एका शब्दात किरकोळ खरचटलेला आणि दोन महिने बाहेर राहणारा दोघेही मावतात. २०२१ पासून पैजा घेणाऱ्या कंपन्या तुमच्या अधिकृत भागीदार आहेत, तेव्हा यादीचा खरा वाचक कोण आहे हे वेगळं सांगायला नको.

दुसरी. तुमच्याकडे माहिती नाही असं नाही. खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये गेली दहा-अकरा वर्षं चिप आहे. कोण किती पळाला, किती वेगाने, कुठे वेग तुटला, सगळं नोंदलं जातं. टीव्हीवर ताशी किती मैल ते आम्हाला कौतुकाने दाखवता. सगळ्या संघांच्या वैद्यकीय नोंदी संगणकावर आहेत. 'डिजिटल अ‍ॅथलीट' नावाची यंत्रणा ॲमेझॉनच्या मदतीने उभी केलीत, ती २०२३ पासून बत्तीसही संघांकडे आहे, आणि तिचं कामच मुळी कुणाला कधी दुखापत होऊ शकते याचा अंदाज बांधणं. २०२१ मध्ये मांडीमागच्या स्नायूच्या दुखापतींच्या अभ्यासाला विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली ४० लाख डॉलर दिलेत. हे मनापासून चांगलं केलंत. पण दर हंगामानंतर लोकांसमोर काय येतं? मेंदूला धक्का बसलेल्यांचा आकडा, गुडघ्याच्या दोन अस्थिबंधांचा आकडा. प्रत्येक दुखापत सुटी मोजलेली. एका खेळाडूला पहिल्या दुखापतीनंतर वर्षभरात पायालाच दुसरी झाली असे किती, याचा साधा तक्ता तुम्ही दरवर्षी का छापत नाही? किराणा दुकानदारसुद्धा रोजच्या विक्रीच्या चिठ्ठ्यांवर थांबत नाही, गिऱ्हाईकाच्या नावाची खतावणी घालतो.

आणि माहिती मिळाली नाही की तिची जागा दुसरंच काहीतरी घेतं. २०२६च्या जानेवारीत फोर्टीनायनर्सच्या दुखापतींचं कारण म्हणून कुणीतरी सराव मैदानाशेजारच्या विजेच्या उपकेंद्राकडे बोट दाखवलं. बघता बघता ते जगभर झालं. संघाच्या व्यवस्थापकांना, आम्ही त्याचीही चौकशी करू, असं पत्रकारांसमोर म्हणावं लागलं. मी रोज टास्मन ड्राइव्हवरून जाते, ते उपकेंद्र बघते. आमच्या वाड्यात कुणाचं पोर सारखं आजारी पडलं की म्हातारी बायामाणसं मीठ-मोहऱ्या ओवाळायची, त्याचीच ही नवी आवृत्ती. मी हसत नाही. उत्तर मिळालं नाही की माणूस दृष्ट काढतोच.

तिसरी तक्रार मैदान आणि वेळापत्रकाची. ती तुम्ही पुष्कळदा ऐकली आहे, म्हणून थोडक्यात. २०२० मध्ये खेळाडू संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष जे. सी. ट्रेटर यांनी तुमचेच २०१२ ते २०१८चे आकडे मांडले होते : कृत्रिम गवतावर धक्क्याविना होणाऱ्या पायाच्या दुखापतींचं प्रमाण २८ टक्के जास्त, त्यांत पाऊल-घोट्याचं ६९ टक्के जास्त. त्यानंतरच्या काही वर्षांत फरक एवढा राहिला नाही, असं तुमचं म्हणणं. असेलही. पण २०२६च्या फुटबॉल विश्वचषकासाठी फिफाने खऱ्या गवताची अट घातली आणि तुमच्याच कृत्रिम मैदानांवर गवत अंथरायचं ठरलं. पाहुण्यांसाठी जमतं, घरच्यांसाठी नाही. २०२१ पासून सामने सोळाचे सतरा झाले, तेही खेळाडूंच्या मतदानात १,०१९ विरुद्ध ९५९ अशा निसटत्या बहुमताने. आता अठराची भाषा सुरू आहे. आणि गुरुवारचे सामने आहेतच. गुरुवारी जास्त दुखापती होत नाहीत असं तुम्ही सांगता. त्या दिवशी होत नसतील. पण चार दिवसांत दुसऱ्यांदा पळालेला पाय पुढच्या महिन्यात काय करतो, हे सुट्या मोजणीत दिसणार कसं?

या तक्रारीत संघटनेलाही सामील करते. तुम्ही मैदानासाठी लढता, त्याबद्दल आभार. पण 'जुनी दुखापत' हा शिक्का बसला तर करारात पैसे कापले जातील, या भीतीने खेळाडू स्वतःच संबंध लपवतात, हे उघड गुपित आहे. तो शिक्का पगाराआड येणार नाही, अशी तरतूद करून घेणं हे तुमचं काम.

चौथी माझ्या घरातली. तुम्ही जे करता ते शाळा उचलतात. गुण मिळाल्यावर नाचायची लकब उचलतात, डोळ्यांखाली काळं फासणं उचलतात, आणि फॉर्मही उचलतात. लीगमधल्या खेळाडूच्या मागे डॉक्टर, मालिश करणारे, आहारवाले असा ताफा असतो. जर्मनीला जायची ऐपत असते. शाळेत दीडशे मुलांमागे एक ट्रेनर आणि एक बर्फाची पेटी. तिथे 'संबंध : नाही' या ओळीची किंमत सतरा वर्षांचं पोर चुकवतं.

कुणी म्हणेल, बाई, २०२५ मध्ये मॅकॅफ्री सगळे सतरा सामने खेळला की. चारशेहून जास्त वेळा चेंडू घेतला. मग कुठे गेली तुमची साखळी? खरं आहे, आणि त्याचा मला आनंदच झाला. लेकाने तर प्रत्येक सामना मोजला. पण माझ्या मते तो पुरावा माझ्याच बाजूचा आहे. साखळी म्हणजे काही कपाळावरची रेघ नव्हे. ती तुटते. पूर्ण उन्हाळा हातात मिळाला, पाय नीट बांधून काढला, तर तिशीला टेकलेला माणूसही परत पळतो. तो उन्हाळा नक्की कसा गेला, काय मोजलं, किती वाट पाहिली, हे इतर एकतीस संघांच्या आणि हजारो शाळांच्या कामी येण्यासारखं आहे की नाही?

तेव्हा मागण्या अशा.

दुखापतीच्या यादीत शरीराच्या भागाबरोबर तीन गोष्टी लिहा : डावा की उजवा, धक्क्याने की धक्क्याविना, आणि गेल्या बारा महिन्यांत त्याच किंवा शेजारच्या भागाला आधी काही झालं होतं का. कुणाची वैद्यकीय फाइल चव्हाट्यावर आणा असं मी म्हणत नाही. खेळाडूची संमती नसेल तिथे रकाना कोरा ठेवा. पण 'नाही' लिहू नका. कोरा आणि 'नाही' यांत फरक आहे.

दर हंगामानंतर नावं न देता दुसऱ्या-तिसऱ्या दुखापतींचा तक्ता जाहीर करा : पहिली कुठली, किती दिवसांनी परतला, दुसरी कुठली, किती दिवसांनी. मैदान कुठलं, विश्रांती किती दिवसांची, हेही. तुमच्याकडे सगळं आहे. स्वतंत्र संशोधकांना ते अभ्यासायला द्या.

अठराव्या सामन्याची चर्चा हा तक्ता किमान तीन वर्षांचा बाहेर येईपर्यंत थांबवा.

आणि शाळांसाठी एक पान तयार करा. एकच. घोटा, पोटरी, मांडी दुखावल्यानंतर मैदानात परतण्यापूर्वी काय काय मोजायचं, दोन्ही पायांत किती फरक चालेल, कुठे थांबायचं. टेप आणि भिंत एवढ्यावर होण्यासारखं. फुकट द्या, स्पॅनिश, व्हिएतनामी, तागालोग, हिंदी अशा भाषांतही द्या. मराठी मी स्वतः करून देते, मोबदला नको.

लेकाने खेळ सोडावा असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. माझं नाही. तो पळताना सुंदर दिसतो. आईने म्हणू नये, पण दिसतो. या ऑगस्टमध्ये शेवटच्या वर्षाचं शिबिर सुरू होईल. त्याआधी उत्तर आलं तर बरं. शाळेला मी माझ्यापुरता फॉर्म दुरुस्त करून दिला आहे : 'संबंध' या ओळीपुढे आता 'नाही' खोडून 'तपासलं नाही' असं लिहिलं आहे. ट्रेनरने त्याखाली सही केली.

कळावे,

एका रनिंग बॅकची आई,
सांता क्लारा, कॅलिफोर्निया

ता. क. काल रात्री जेवणानंतर भिंतीपाशी पुन्हा मोजलं. उजवा ११, डावा साडेनऊ. टाचा उजवीकडे २५, डावीकडे २१. जिन्यावर अजून थोडं ऐकू येतं.